देवाला ते चाललं का?

परवाच्या रविवारी संडे स्कूलमध्ये एका अकरा वर्षांच्या मुलीने मला गप्प केलं. धडा बायबलमधल्या दावीद आणि गल्याथाचा होता, मेंढपाळ पोराने धिप्पाड योद्ध्याला लोळवल्याचा. गोफण, ओढ्यातले पाच गोटे, सगळं रंगात आलेलं. हिने मात्र घरी पुढची पानं वाचली होती. "टीचर, दाविदाने उरीयाला मुद्दाम मारवलं ना? मग देवाला ते चाललं का?"

"पुढच्या रविवारी सांगते," म्हणून वेळ मारून नेली आणि ठाण्याच्या तलावपाळीला दोन फेऱ्या मारून घरी आले.

माझं पोट लघुलेखनावर चालतं. सव्वीस वर्षं कोर्टात साक्षी टिपतेय. खून, हुंडा, भावाने भावाची लाटलेली जमीन, सगळं या बोटांतून गेलंय. मी टाइप केलं म्हणजे मला ते पटलं, असं अजून कुणी म्हटलेलं नाही. बायबल हातात घेतलं की मात्र भलेभले हे विसरतात. पुस्तक पवित्र, म्हणजे त्यातला माणूसन् माणूस पवित्र!

शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकाचा अकरावा अध्याय एखाद्या पंचनाम्यासारखा कोरडा आहे. राजांनी लढाईवर जायचे दिवस, सैन्य राब्बा शहराला वेढा घालून बसलेलं, आणि हा राजा, दावीद, यरुशलेमेत. संध्याकाळी गच्चीवर फिरताना बथशेबा दिसते, तो माणसं पाठवून तिला आणवतो. दिवस गेल्याचा तिचा निरोप आल्यावर तिच्या नवऱ्याला, उरीयाला, आघाडीवरून बोलावून घेतो आणि घरी जा म्हणतो. उरीया जात नाही. कराराचा कोश (दहा आज्ञांच्या पाट्यांची पवित्र पेटी) आणि सैन्य उघड्यावर असताना मी घरी जाऊन खाऊपिऊ कसा? मग त्याला दारू पाजून पाहतात. तरी तो राजाच्या नोकरांतच झोपतो. सकाळी दावीद सेनापती यवाबाला पत्र लिहितो: याला जिथे लढाई घनघोर असेल तिथे पुढे ठेवा आणि मागे सरा. ते पत्र घेऊन जातो उरीयाच.

एवढ्या प्रकरणात दाविदाला एकही शिवी नाही. शेवटी एकच ओळ, की परमेश्वराला हे वाईट वाटलं.

झाकायचं असतं तर झाकता आलं असतं. बायबलच्याच 'पहिला इतिहास' या पुस्तकाच्या विसाव्या अध्यायात तीच राब्बाची लढाई आहे, दावीद यरुशलेमेत राहिला हेही आहे, बथशेबेचं प्रकरण तेवढं गायब. शमुवेलाच्या पुस्तकाने ते ठेवलं. आणि शुभवर्तमान लिहिणारा मत्तय तर येशूची वंशावळ देताना बथशेबेचं नावही घेत नाही, 'उरीयाची बायको' म्हणतो. (माझ्या धाकट्या भावाचं नाव दावीद. उरीया नावाचा माणूस मला आजवर भेटलेला नाही.)

बऱ्याच वर्षांपूर्वी आमच्या नात्यात एकाने बायकोवर हात उगारला होता. बैठक बसली. एक वडीलधारे म्हणाले, "अगं, दावीदसुद्धा पडला होता. देवाने केलीच ना क्षमा?" मी चहाचे कप उचलत होते, बोलले नाही. ते अजून सलतं. क्षमा बाराव्या अध्यायात आहे खरी, पण तलवार तुझ्या घरातून हलणार नाही हेही त्याच अध्यायात आहे. तेराव्यात दाविदाचा मुलगा अम्नोन सावत्र बहिणीवर, तामारेवर, बळजबरी करतो. बाप संतापतो, करत मात्र काहीच नाही. मग तामारेचा सख्खा भाऊ अबशालोम अम्नोनाचा जीव घेतो आणि पुढे बापावरच उठतो. आमचे वडीलधारे ठाण्याचं तिकीट काढून एक स्टेशन आधी, मुलुंडलाच उतरले होते.

सगळीकडे निकाल जोडलेला असतो असंही नाही. इस्राएलाचा सेनानायक इफ्ताह नवस बोलतो: जिंकून परतलो तर घरातून पहिलं जे सामोरं येईल ते होमबली म्हणून अर्पण करीन. एकुलती एक लेक डफ वाजवत, नाचत बाहेर येते. शास्ते या पुस्तकात त्याला दोष देणारा एक शब्द नाही. वर इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात विश्वासाने जगलेल्यांच्या यादीत त्याचं नाव! इथे माझी कोर्टाची उपमा लंगडी पडते. ती मेली नाही, आजन्म कुमारी राहिली, असं काही जण समजावतात. मला ते सोयीचं वाटतं. इस्राएलाच्या मुली दरवर्षी चार दिवस तिच्यासाठी शोक करीत, एवढं लिहिणाऱ्याने टिपून ठेवलंय. तिचं नाव मात्र नाही टिपलं.

काल रविवार. मी उत्तर दिलंच नाही, नाथान संदेष्ट्याने दाविदाला सांगितलेली गोष्ट सांगितली. गरिबाकडे एकच मेंढी, त्याच्याच ताटातलं खाणारी, कुशीत झोपणारी. श्रीमंताकडे कळपच्या कळप, तरी पाहुण्यासाठी त्याने गरिबाची ती एकुलती उचलली. पोरं भडकली. "त्याला जेलमध्ये टाका!" दावीदही असाच भडकला होता, चौपट भरपाई आणि वर मरणदंड म्हणाला होता. तेव्हा नाथान म्हणाला, तो माणूस तूच. आरोपीकडूनच निकाल लिहून घेतला! इतकी वर्षं कोर्टात काढली, असा वकील पाहिला नाही.

ती मुलगी काही बोलली नाही, चित्र काढत बसली. जाताना कागद माझ्या हातात दिला. चित्रात उरीया चाललाय, पाठीला ढाल, हातात बंद लिफाफा. लिफाफ्यावर नीट अक्षरात पत्ता: यवाब, राब्बा. पिनकोड आमचाच, ४००६०१.