मुंबई मॅरेथॉनचा टेपर: ६४ किमीवरून १४ किमीपर्यंतच्या नोंदी

टेपर म्हणजे मॅरेथॉनआधीच्या शेवटच्या तीन आठवड्यांत आठवड्याचं पळायचं अंतर टप्प्याटप्प्याने उतरवणं. हिशोब ६० किलो वजनाच्या, आठवड्यातून पाच दिवस पळणाऱ्या आणि चार तासांचं लक्ष्य (किलोमीटरला ५:४१ मिनिटांचा पेस, म्हणजे वेग) धरलेल्या रनरचा आहे. आपापल्या वजनाप्रमाणे आकडे बदलून घ्या.

२१ दिवस बाकी
३२ किमीचा शेवटचा लाँग रन झाला, आठवड्याची बेरीज ६४. आता ४८, मग ३५, आणि शेवटच्या आठवड्यात रेस सोडून १४. कमी करायचे ते फक्त किलोमीटर. पळायचे दिवस पाचच, आणि पेसला हात लावायचा नाही. बहुतेकांचा टेपर इथेच फसतो: अंतर तेवढंच ठेवून सगळंच हळू पळतात, नाहीतर दुखापतीच्या धास्तीने बूटच बाजूला ठेवतात. पहिल्यात थकवा उतरत नाही, दुसऱ्यात पाय लय विसरतात. २००७ साली बॉस्के आणि सहकाऱ्यांनी टेपरवरचे अभ्यास एकत्र तपासले, त्यातही सर्वाधिक फायदा दिसला तो दोन आठवड्यांत पळायचं अंतर ४१ ते ६० टक्के उतरवून तीव्रता तशीच ठेवण्यात.

जिममधले स्क्वॉट शेवटचे दहा दिवस पूर्ण बंद.

१० दिवस बाकी
आज ८ किमी, त्यात १ किमीचे चार तुकडे ५:१५ च्या पेसने, मध्ये दोन मिनिटं जॉगिंग. यानंतर जोराचं काही नाही.

याच सुमारास पाय शिशासारखे जड लागतात आणि फिटनेस गेला असं वाटू लागतं. तो गेलेला नसतो. स्नायूंत ग्लायकोजेन (कर्बोदकांचा साठा) साठतं तेव्हा ग्रॅममागे साधारण तीन ग्रॅम पाणीही साठतं, म्हणून काटाही एखादा किलो वर जातो. घाबरून जादा लाँग रन काढू नका. त्याचा फायदा रेसपर्यंत पोचत नाही, थकवा मात्र नक्की पोचतो.

नवनवीन दुखणीही आत्ताच उगवतात. पारख अशी: दहा मिनिटं हलकं पळून अंग तापल्यावर दुखणं विरलं तर सोडून द्या. त्याच पायावर लंगडी घालताना नडगीच्या हाडावर बोटाने दाखवता येईल अशा एकाच जागी कळ आली, तर पळणं थांबवून डॉक्टर गाठा.

५ दिवस बाकी, भोगी
५ किमी, त्यात तीन किमी मॅरेथॉन पेसने. बाजरीची भाकरी, भोगीची भाजी आज खुशाल खा. उद्या संक्रांतीला गुळपोळीही चालेल. शुक्रवारपासून मात्र भाकरी, पालेभाजी, कडधान्यं बंद, कारण त्यातला चोथा रेसच्या पहाटे पोटात नको. तिळाच्या वड्या डब्यात ठेवून द्या. तिळात कर्बोदकांपेक्षा तेलच जास्त.

बिब (छातीवर लावायचा रेसचा नंबर) घ्यायला गुरुवारीच जाऊन या. शनिवारी गर्दीत तीन तास उभं राहिलं की पोटऱ्या बोलायला लागतात.

२ दिवस बाकी
शुक्रवार-शनिवार वजनाच्या किलोमागे रोज ८ ग्रॅम कर्बोदकं, म्हणजे ४८० ग्रॅम. ताटात ते असं बसतं: कोरडे पोहे १०० ग्रॅम (७७), दोन केळी (५०), दोन वेळचा मिळून २०० ग्रॅम तांदळाचा भात (१५५), उकडलेले बटाटे पाव किलो (५०), जॅम न लावता ब्रेडचे चार स्लाइस (५०), ५० ग्रॅम खजूर (३७) आणि सरबतांतून ६० ग्रॅम साखर. तांदूळ कोरडा असतानाच वजन करा. शिजल्यावर पाणी धरून तो जवळजवळ तिप्पट भरतो आणि हिशोब चुकतो. फोडणीचं तेल, तूप, शेंगदाणे आवरते घ्या, नाहीतर पोट आधीच भरतं आणि भात उरतो.

शुक्रवारी रात्री भरपूर झोपा. शनिवारी धास्तीने डोळा लागला नाही तरी बिघडत नाही.

शनिवार
सकाळी २ किमी, शेवटी २० सेकंदांचे चार स्ट्राइड (सहज, पण जलद धावा). नवीन बूट, नवीन मोजे, चाखून न पाहिलेली जेल (पळताना घ्यायची साखरेची पाकिटं) उद्यासाठी बाद. सात वाजता वरण-भात, तिखट नको. बिब आत्ताच बनियनला टाचा, गजर अडीचचा.