सात अधिक सहा बरोबर दहा

ठाण्यातल्या एका कॉलेजात मी ग्रंथपाल आहे. लोकांना वाटतं, ही बाई पुस्तकं देते-घेते. प्रत्यक्षात माझा अर्धा वेळ दुसऱ्यांचे आकडे जमवण्यात जातो. कोणाचे किती संशोधन-पेपर, त्यांना किती सायटेशन, म्हणजे दुसऱ्या पेपरांत किती उल्लेख, आणि त्यावरून काढलेला एच-इंडेक्स किती. कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकची टीम यायची असली की भल्याभल्या प्राध्यापकांना लायब्ररीचा रस्ता आठवतो.

त्या सोमवारी फिजिक्सच्या मॅडमची प्रमोशनची फाइल आली. विश्वरचनाशास्त्र हा त्यांचा विषय. मे महिन्यात स्टाफ गावाला पळतो, या पुण्याला आयुका या खगोलशास्त्राच्या केंद्रात जाऊन गणितं करत बसतात. एच-इंडेक्सच्या रकान्यात ऑफिसने पेन्सिलीने ८ लिहून ठेवले होते, मी फक्त सही करायची. पण एकूण सायटेशनचा आकडा अख्ख्या सायन्स विभागाला मिळूनही जमला नसता. मागच्या वार्षिक अहवालात तोच जाड ठशात छापला होता, आणि कोणालाही शंका आली नव्हती. मलाही नाही, हे कबूल करते.

सायटेशनच्या डेटाबेसमधलं मॅडमचं प्रोफाइल उघडलं. पहिलाच पेपर १९८२ चा, ‘नेचर’मधला. सेकंदाला ६४२ गिरक्या घेणारा पल्सर (रेडिओ स्पंदनं पाठवणारा, फिरणारा मृत तारा), इतक्या झपाट्याने फिरणाऱ्या मिलिसेकंद पल्सरांमधला सापडलेला पहिला. लेखकांत एक कुलकर्णी, एस. म्हणजे आपले कुरुंदवाडला जन्मलेले, कॅलटेकचे खगोलशास्त्रज्ञ श्रीनिवास कुलकर्णी! मॅडमचं माहेरचं आडनाव कुलकर्णी, आद्याक्षरही एसच. फोन केला तर त्या हसतच सुटल्या. “अहो, तेव्हा मी नौपाड्यात पाचवीत होते. काढा तो पेपर आधी.”

काढला. ८ चे ७ झाले. मग लक्षात आलं, लग्नानंतरचे पेपर इथे नाहीतच. सासरच्या आडनावाचं दुसरंच प्रोफाइल, त्याचा एच-इंडेक्स ६. डेटाबेसच्या लेखी या दोन वेगळ्या बायका. (माझंही आडनाव बदललंय, पण मी एकही पेपर लिहिलेला नाही, म्हणून निभावलं.)

दोन्ही एकच आहेत हे दाखवायला लग्नाचा दाखला चालत नाही. पत्ता बघायचा, पण कॉलेज बदललं की पत्ता बदलतो. सहलेखक बघायचे, ते निम्मे निवृत्त. सगळ्यात भरवशाची जागा म्हणजे पेपरच्या शेवटची संदर्भसूची. संशोधक स्वतःचे जुने पेपर विसरत नाही. नव्या आडनावाच्या पेपरांत जुन्या आडनावाचे पेपर ओळीने उद्धृत केलेले सापडले. दुपारचा डबा तसाच राहिला, पण यादी पक्की झाली.

आता हा एच-इंडेक्स. हिर्श नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ मध्ये मांडला. दहा पेपरांना प्रत्येकी निदान दहा सायटेशन असतील तर दहा. कुलकर्णी बाईंचे आकडे ४१, ३०, २२, १४, १२, ९, ८ आणि पुढे किरकोळ. दुसऱ्या बाईंचे ३५, १९, १५, ११, १०, ६. ऑफिसातल्या भाऊंनी बेरीज करून १३ सांगितले. तेरासाठी निदान तेरा-तेरा सायटेशनचे तेरा पेपर लागतात. सगळे एका रांगेत उतरत्या क्रमाने लावले, दहाव्या पेपरला १०, अकराव्याला ९. म्हणजे १०. मॅडमने एक ओळही नवी लिहिली नाही आणि सकाळचे ८ संध्याकाळी १० झाले.

चारला मॅडम आल्या. यादी बघताना ४१ वाल्या पेपरवर बोट ठेवून म्हणाल्या, “हा चुकला होता.” विश्वाचं प्रसरण वेगाने वाढतंय हे १९९८ मध्ये सुपरनोव्हांवरून (स्फोट होणाऱ्या ताऱ्यांवरून) कळलं, त्यानंतर हा वेग वाढवणाऱ्या अज्ञात ‘कृष्ण ऊर्जे’च्या मॉडेलांची झुंबड उडाली. त्यातलं एक यांचं. २००३ मध्ये विश्वाच्या आरंभीच्या प्रारणाचा नकाशा काढणाऱ्या डब्ल्यूमॅप उपग्रहाचे आकडे आले आणि ते बाद झालं. “या एक्केचाळीसमधले बरेच जण ‘असली मॉडेलं बसत नाहीत’ म्हणायला माझं नाव घेतात. आणि भौतिकशास्त्रज्ञ अमल कुमार रायचौधुरींचं बघा. १९५५ चा पेपर. पेनरोझ, हॉकिंग, सगळे त्यातल्या समीकरणावर उभे. आता लोक नुसतं ‘रायचौधुरी समीकरण’ लिहितात, खाली मूळ पेपर देतच नाहीत.” म्हणजे फारच मान्य झालं की सायटेशन बंद. हे कोणत्या रकान्यात भरायचं?

मी रकान्यात १० लिहिले. एच-इंडेक्सपुरतं ते खरं आहे. तरी हात अडला.

दुसऱ्या दिवशी प्राचार्यांनी बोलावलं. एच-इंडेक्स वाढल्याचं त्यांना काही नाही. “टोटल इतकी कमी कशी झाली? अहवालात छापलंय आपण.” मी पल्सर समजावला. ते म्हणाले, “पण कुलकर्णीच ना?”

शुद्धिपत्र काढायचं नाही असं ठरलं. लायब्ररीच्या प्रतीत मात्र मी चार ओळींची चिठ्ठी टाइप करून डिंकाने चिकटवली, पान ३७ वर. बाकीच्या प्रती त्यांच्या केबिनमधल्या काचेच्या कपाटात आहेत. किल्ली त्यांच्याकडे.