दारूखान्यात पंधरा वर्षं

छातीच्या ओपीडीत फुप्फुसाभोवती पाणी झालेला माणूस आला, की आपल्याकडे पहिला संशय टीबीचा. बहुतेक वेळा तो खराही ठरतो. काही वर्षांपूर्वी आलेला पन्नाशीचा हा पेशंट झारखंडचा होता. गावाकडे टीबीच्या औषधांचा कोर्स संपत आला होता, पण दम हटत नव्हता. पाणी काढलं की पुन्हा भरायचं.

सुई घातली तर सिरिंजमध्ये लालसर पाणी आलं. टीबीचं पाणी सहसा पिवळसर असतं. सीटी स्कॅनमध्ये उजव्या फुप्फुसाचं आवरण जाड आणि गाठाळ झालेलं दिसलं. डाव्या बाजूला, जिथे काहीच तक्रार नव्हती तिथे, डायफ्रामवर, म्हणजे छाती आणि पोट यांमधल्या पडद्यावर, चुना साचल्यासारखे पांढरे चट्टे होते. असे चट्टे दिसले की उष्णता अडवायला वापरल्या जाणाऱ्या तंतुमय खनिजाबद्दल, म्हणजे अ‍ॅस्बेस्टॉसबद्दल विचारायचंच.

केसपेपरवर व्यवसाय म्हणून ‘मजुरी’ लिहिलेलं. कसली? म्हणाला, शेतात. त्याच्या आधी?

“बंबई में था. दारूखाना. जहाज कटाई.”

रे रोड स्टेशनपासून जवळच, पोर्ट ट्रस्टच्या जमिनीवर, जुनी जहाजं भरतीला किनाऱ्यावर ओढून तोडत, तो दारूखाना. त्याने तिथे पंधरा वर्षं काढली होती. गॅसकटर लावण्याआधी इंजिनरूममधल्या पाइपांवरचं अ‍ॅस्बेस्टॉसचं पांढरं वेष्टण काढावं लागे. ते काम नव्या पोरांकडे. हातोडी-छिन्नीने, कोरडंच फोडायचं. तोंडाला गमछा. “पापड जैसा टूटता था,” तो म्हणाला. रात्री त्याच कपड्यांत, त्याच किनाऱ्यावरच्या झोपडीत झोपायचं. गमछ्याने ते तंतू अडत नाहीत, इतके बारीक असतात. हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

बायोप्सीचा रिपोर्ट मेसोथेलिओमाचा आला. फुप्फुसाच्या आवरणाचा हा कर्करोग मुख्यतः अ‍ॅस्बेस्टॉसमुळेच होतो, आणि तंतू आत गेल्यापासून तो दिसायला साधारण 20 ते 50 वर्षं जातात. मला सगळ्यात जास्त छळतं ते हेच. तोवर परप्रांतीय कामगार गावी परतलेला असतो. धूळ खाल्ली मुंबईत, दम लागला झारखंडमध्ये. तिथल्या डॉक्टरला जहाज ठाऊक नाही, इथल्या मालकाला तो माणूस ठाऊक नाही. मग असे रुग्ण आपल्याकडे फारसे नाहीतच, असं म्हणायला सगळे मोकळे!

कायदा नाही असं नव्हतं. नुकसानभरपाईच्या 1923 च्या कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात अ‍ॅस्बेस्टॉसमुळे होणारा हा कर्करोग नोंदलेला होता. अ‍ॅस्बेस्टॉसच्या कामगारांचं वैद्यकीय रेकॉर्ड किमान 40 वर्षं जपा, असं सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्येच बजावलं होतं. पण भरपाई मागायची तर अमुक मालकाकडे काम केलं हे दाखवावं लागतं. याच्याकडे ना हजेरीकार्ड, ना पगाराची पावती. मुकादम आठवड्याला रोख पैसे द्यायचा आणि तो मुकादम केव्हाच वारला होता. आमच्या समाजसेविकेने कामगार संघटनेतल्या लोकांना गाठलं, जुने सोबती शोधले. मी डिस्चार्ज कार्डावर निदानाखाली जागा, काम आणि वर्षं सविस्तर लिहिली. दाव्यासाठी तेवढा एकच कागद तयार होत होता. म्हणून माझ्या हाताखाली शिकणाऱ्या रेसिडेंट डॉक्टरांना मी आग्रहाने सांगतो, नुसतं ‘मजुरी’ लिहून पुढे जाऊ नका. पेशंट आयुष्यभर कुठे कुठे राबला ते विचारा आणि लिहा.

आजार पुढे गेला होता, ऑपरेशन शक्य नव्हतं. पुन्हा पुन्हा पाणी भरू नये म्हणून छातीत औषध सोडलं, केमो सुरू केली. दाव्याच्या निकालाआधीच तो गावी गेला.

जाण्यापूर्वी त्याने स्वतःच फोन लावून खोलीवरचा एक जुना सोबती माझ्याकडे पाठवला होता. हा आता भिवंडीत गोदामात हमाली करतो, तक्रार काही नाही. पण त्याच्याही एक्स-रेत तेच चट्टे. चट्टे म्हणजे कर्करोग नव्हे, हे त्याला नीट समजावलं. त्याची बिडी मात्र आधी बंद करायला लावली, कारण अ‍ॅस्बेस्टॉसच्या जोडीला धूम्रपान असेल तर फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका कित्येक पटींनी वाढतो. तो दरवर्षी तपासणीला येतो. त्या दिवसाची हजेरी बुडते, ती त्याला कोणी भरून देत नाही.