अमळनेर ते जळगाव : फोर-डी सोनोग्राफीचा माझा अनुभव

माझी पहिली फोर-डी मशीनवरची सोनोग्राफी झाली तेव्हा पोटात बाळ नव्हतं. हे आधीच सांगते, कारण आमच्या अमळनेरात फोर-डी म्हटलं की बायकांना आठवतो तो केशरी रंगाचा, डोळे मिटलेल्या बाळाचा फोटो. मला मात्र त्या मशीनकडे पाठवलं ते दोनदा दिवस जाऊन दोन्ही वेळा तिसऱ्या महिन्यात गर्भ पडल्यावर.

साध्या सोनोग्राफीच्या रिपोर्टमध्ये शेवटी एक प्रश्नचिन्ह होतं : गर्भाशय बायकॉर्न्युएट की सेप्टेट? म्हणजे गर्भाशयच वरून दुभंगलेलं आहे, की बाहेरून नीट असून आत नुसता पडदा आहे? मग डाय टाकून एक्स-रे काढला. दुखत नाही म्हणतात, मला तरी चांगलंच दुखलं. एवढं करून त्यात आतल्या पोकळीला वर दोन फाटे आहेत इतकंच कळलं, आणि ते आधीच माहीत होतं. डाय फक्त आत भरतो, बाहेरची कड त्यात दिसत नाही. आणि सगळा प्रश्न बाहेरच्या कडेचाच होता. वरची कड सरळ असेल तर पडदा, तिथे खोल खाच असेल तर दुभंगलेलं गर्भाशय. पडदा दुर्बिणीतून कापता येतो. दुभंगलेल्या गर्भाशयाला सहसा हात लावत नाहीत. पूर्वी हा फरक ओळखायला बेंबीजवळून दुर्बीण घालून पोटात बघावं लागायचं. आमच्या मॅडम म्हणाल्या, आता त्याची गरज नाही, जळगावला जाऊन थ्री-डी करून या.

फोन करून वेळ घेतली तेव्हा तिकडून पहिला प्रश्न पाळीच्या तारखेचा आला. पाळीनंतर लगेच येऊ नका, पुढची पाळी यायच्या आठवडा-दहा दिवस आधी या, असं सांगितलं. त्या दिवसांत आतलं अस्तर जाड असतं, म्हणून पोकळीचा आकार उठून दिसतो. दुसरं, पाणी पिऊन थांबायचं नाही. पोटावरून करतात तेव्हा लघवी दाटू द्यावी लागते. ही आतून करायची होती, त्यामुळे उलट लघवी करून जायचं. सुरत-भुसावळ लाइनच्या पॅसेंजरमध्ये बसून जाणाऱ्या बाईसाठी ही केवढी सोय आहे, ते ज्यांनी धरणगावापासून जळगावपर्यंत लघवी धरलीय त्यांनाच विचारा.

रेडिऑलॉजिस्ट सर बोलके होते. मी विचारलं, पाटीवर फोर-डी लिहिलंय आणि चिठ्ठीवर थ्री-डी, हे कसं? ते म्हणाले, मशीन एकच. चौथी मिती म्हणजे वेळ. थ्री-डी चित्र लागोपाठ घेत राहिलं की हालचाल दिसते, त्याला फोर-डी म्हणायचं. तुमचं गर्भाशय कुठे पळत नाही, तुम्हाला थ्री-डी पुरे. मग केळ्याचं उदाहरण दिलं. केळं आडवं कापलं तर चकत्या निघतात, उभं चिरलं तर लांब फाक. प्रोब (तपासायची दांडी) आत ज्या जागी असतो तिथून गर्भाशयाचे काही ठरावीकच काप मिळतात. समोरून चिरल्यासारखा काप साध्या सोनोग्राफीत सहसा मिळत नाही. थ्री-डीत मशीन सगळा भाग एकदम साठवून घेतं आणि पेशंट उठून गेल्यावरसुद्धा हवा तो काप काढता येतो. माझा तो काप त्यांनी स्क्रीनवर दाखवला. वरची कड सरळ होती. आत मधोमध खाली उतरलेला पडदा.

आता यात एक गोष्ट मला आवडली ती लिहायलाच हवी. पडदा सापडला म्हणून मॅडमनी लगेच ऑपरेशनची तारीख दिली नाही. पडदा काढला की गर्भ टिकतोच असं ठामपणे म्हणता येत नाही, असं त्यांनी आम्हा दोघांना बसवून सांगितलं. 2021 मध्ये एका आंतरराष्ट्रीय चाचणीचे निष्कर्ष आले, त्यात पडदा काढलेल्या आणि न काढलेल्या बायकांमध्ये मूल होण्याच्या प्रमाणात फरक दिसला नव्हता. पण चाचणी 80 बायकांचीच, छोटी. "तुमचा पडदा लांब आहे, दोनदा गर्भ गेलाय, मला करावंसं वाटतं. पण ठरवायचं तुम्ही." आम्ही करून घेतलं. पोटावर टाका नाही, संध्याकाळी घरी. पुढे दिवस राहिले आणि टिकले. ते ऑपरेशनमुळे की नशिबाने, यावर मी पैज लावणार नाही.

गरोदरपणात पुन्हा त्याच मशीनसमोर गेले, ती विसाव्या आठवड्याच्या ॲनॉमली स्कॅनसाठी, म्हणजे बाळात काही व्यंग नाही ना ते बघायला. या वेळी आधी एफ फॉर्म, गर्भलिंग निदान बंदीच्या कायद्याखालचा. नाव, पत्ता, कोणत्या डॉक्टरांनी पाठवलं, आधीची मुलं किती, मुलगे किती, मुली किती, आणि गर्भलिंग जाणून घ्यायचं नाही असं लिहून देऊन सही. काही बायका या कागदांना वैतागतात. मी नाही वैतागत. 2011 च्या जनगणनेत आमच्या जळगाव जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे 842 मुली होत्या. त्या जिल्ह्यात हा फॉर्म दुप्पट लांब असता तरी मी भरला असता. त्या फॉर्मवर सोनोग्राफीची 23 कारणं छापलेली असतात. बाळाचं तोंड बघायचंय, हे कारण त्यात नाही.

सासूबाईंना मात्र तेवढंच हवं होतं. "पोरगं-पोर नका सांगू, पन तोंड तं दखाडा!" सरांनी हसून मान हलवली आणि अर्धा तास साध्या टू-डीतच काम केलं : मेंदू, मणका, हृदयाचे चार कप्पे, किडन्या, हातपाय. फोर-डीने सगळं जास्त चांगलं दिसतं हा समज खोटा आहे. मुख्य तपासणी टू-डीतच होते. वरचा ओठ नीट दिसेना तेव्हा त्यांनी थ्री-डी लावलं. ओठ फाटलेला असेल तर त्यात तो स्वच्छ दिसतो, आईबापांना समजावूनही सांगता येतो. टाळू बघणं जास्त अवघड. पण आमचं बाळ पाठीकडे तोंड करून बसलेलं. चेहऱ्यापुढे पाणी नसेल, हात किंवा वार आड आली असेल, तर कितीही महागडं मशीन असो, चित्र उमटत नाही. फिरून या म्हणाले. कॉरिडॉरमध्ये फेऱ्या मारल्या, परत झोपले, तेव्हा बाळ वळलं. ओठ चांगला होता. सासूबाईंना क्षणभर स्क्रीन दिसली. "वं माय, हाई तं डोकरं दखास!" विसाव्या आठवड्यात कातडीखाली चरबी नसते, म्हणून म्हातारं दिसतं. गोंडस फोटो येतात ते सातव्या महिन्याच्या सुमाराचे, आणि तो केशरी रंग मशीनने भरलेला असतो.

खरी फोर-डी मी बघितली ती माझ्या थोरल्या नणंदेची. तीन बाळंतपणं झालेली, त्यातलं एक चिमटा लावून, आणि काही वर्षांपासून अंग बाहेर येण्याचा त्रास. शेतात ओझं उचललं की जास्त. कोणाला सांगितलं नव्हतं. माझ्या तपासण्या चालू होत्या म्हणून मला बोलली. नाशिकला तिची ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंची सोनोग्राफी केली. प्रोब बाहेरूनच ठेवतात, आत काही घालत नाहीत. खोका, आता खाली जोर द्या, आता आवळा, असं सांगत जातात आणि स्नायू ताणताना-आवळताना स्क्रीनवर हलताना दिसतात. इथे हालचालच बघायची असते, त्यामुळे चौथी मिती कामाला येते. तिचा एका बाजूचा स्नायू हाडापासून सुटलेला निघाला. अशा बायकांत ऑपरेशननंतर अंग पुन्हा उतरण्याची शक्यता जास्त, म्हणून डॉक्टरांनी घाई केली नाही. सध्या अंग वर धरून ठेवणारी रिंग बसवली आहे आणि व्यायाम शिकवलेत. ऑपरेशनचं कापूस वेचून झाल्यावर बघू, असं ती म्हणते.