झाडं सोडून झुडपं का?

"खाणीच्या ढिगाऱ्यावर एवढी जागा पडली आहे, वड-पिंपळ लावायचे सोडून ही बोरी-धायटीची झुडपं कशाला लावत बसता?" तुम्ही हे विचारलंत. तुमच्याआधी गावातल्या आजोबांनी विचारलं होतं, खाणीवरच्या साहेबांनी विचारलं होतं आणि दिवाळीत घरी आलेल्या माझ्या ताईनेही. म्हणून एकदा नीट सांगते.

मी चंद्रपूरकडची. इथे कोळसा काढायचा म्हणजे आधी त्याच्या डोक्यावरचं सगळं उकरून बाजूला टाकायचं. त्या ढिगाऱ्यांना खाणीतली माणसं नुसतं 'ओबी' म्हणतात, म्हणजे ओव्हरबर्डन, कोळशावरचं ओझं. बघता बघता गावाशेजारी डोंगर उभा राहतो, आणि तो उलटा डोंगर असतो. जमिनीच्या पोटातला वाळूचा खडक, पिवळी चिकणमाती, काळा शेल म्हणजे पापुद्र्यांचा दगड, हे सगळं वर येतं, आणि जिच्यात पऱ्हाटी पिकायची ती काळी माती जाते तळाशी. ती वेगळी काढून ठेवायची असते. ठेवतातही काही ठिकाणी. पण उंच ढिगात ती वर्षानुवर्षं पडून राहिली की तिच्यातलं बी मरतं आणि मुळांना धरून राहणारी बुरशीही मरते. माती दिसते, पण जिवंत नसते.

अशा जागी खड्डा करून दोन घमेली माती घालून वडाचं रोप लावलं की पावसाळाभर ते छान दिसतं. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ च्या वर जातो. रोपाचं मूळ तोवर खड्ड्याबाहेर पडलेलंच नसतं. टिकतात त्या सुबाभूळ आणि वेडी बाभूळ. लांबून ढीग हिरवा दिसतो, पण वेडी बाभूळ आपल्याखाली दुसरं फारसं काही येऊ देत नाही. मी याला जंगल म्हणणार नाही.

बोरीचं तसं नाही. ती वर वीतभर वाढायच्या आत खाली खोल उतरते. तिचं बी आम्ही बकऱ्यांच्या गोठ्यातून आणतो. बकऱ्या दिवसा बोरं खातात आणि रात्री रवंथ करताना आठोळ्या थुंकून टाकतात. सकाळी झाडलं की घमेलंभर निघतात. तरवडाचं बी कडक असतं, ते गरम पाण्यात भिजवून घ्यायचं. करवंदाचं बी मात्र ठेवायचं नाही. फळ पिकलं की लगेच पेरायचं, नाहीतर वाया जातं.

धायटीने मला सगळ्यात जास्त शिकवलं. तिचं बी म्हणजे तपकिरी धूळ. चिमटीत धरलं तर बोटांच्या रेषांत जाऊन बसतं. पहिल्या वर्षी मी ते इतर बियांसारखं मातीआड केलं आणि एकही उगवलं नाही. दुसऱ्या वर्षी वाळूत मिसळून नुसतं वर भुरभुरवलं, आणि दगडांच्या फटीफटीतून मोहरीएवढी हिरवी पानं आली. मात्र डोझरने गुळगुळीत केलेल्या उतारावरून तेच बी पहिल्या सरीबरोबर वाहून गेलं. तेव्हापासून मी हात जोडून सांगते, उतार खडबडीत राहू द्या. पाणी आणि बी दोन्ही तिथेच थांबतात.

गवत-चाऱ्याचीही चूक केली. माती धरून राहावी म्हणून स्टायलो हे चाऱ्याचं शेंगवर्गी पीक दाट पेरलं. ते गुडघ्याएवढं झालं आणि त्याखाली बोरीची कोवळी रोपं गुदमरली. आता गवत-चारा पट्ट्यापट्ट्याने, विरळ पेरतो. खताचं म्हणाल तर नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने गुमगावच्या मँगनीज खाणीवर साखर कारखान्याचा प्रेसमड, म्हणजे रस गाळून उरलेला गाळ, आणि मुळांवरची बुरशी-जिवाणू वापरून जे करून दाखवलं, त्याच वाटेने आम्ही जातो. जवळच्या जंगलातली ओंजळभर माती रोपवाटिकेच्या वाफ्यात मिसळली तरी फरक दिसतो.

तुमच्या प्रश्नामागे आणखी एक प्रश्न होता, तो तुम्ही बोलून दाखवला नाहीत. झुडपं वाढली की वाघ-बिबट्या येतो. चंद्रपूरशेजारच्या दुर्गापूरकडच्या लोकांनी हे भोगलेलं आहे, तिथे माणसं गेली आहेत. त्यामुळे ही भीती मी उडवून लावणार नाही. वस्तीला लागून रुंद पट्टा मोकळाच हवा, तिथे आखूड गवतच हवं, आणि आम्ही तसंच ठेवतो. पण ढिगाच्या पलीकडच्या अंगाला झुडूप नको म्हणणं मला पटत नाही.

आपल्या विदर्भात सातबाऱ्यावर 'झुडपी जंगल' लिहिलं की जमीन बिनकामाची, असं पिढ्यानपिढ्या ठरून गेलं होतं. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या जमिनीही वनच आहेत, असं सांगितलं. खाणींबद्दलही त्याच न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये म्हटलं होतं की, काम संपल्यावर तिथे पुन्हा गवत आलं पाहिजे, चारा आणि जीवजंतू राहतील अशी जमीन झाली पाहिजे. त्या जमिनीकडे जायची पहिली पायरी झुडूप आहे, असं मला मनापासून वाटतं.

वडा-पिंपळाचं राहिलंच. मागच्या पावसाळ्यात आमच्या सगळ्यात जुन्या बोरीखाली मी वाकून बघितलं. बुलबुलांच्या विष्ठेतून उगवलेली कडुनिंबाची चार रोपं होती, आणि बुंध्याला टेकून दोन पानांचा एक पिंपळ. त्याला मी जाळी लावलेली नाही. भोवती बोरीचे काटे आहेत, बकऱ्या तिथवर पोचत नाहीत.