गाड्यावरची गरम खीर

आठ दिवस बाबांच्या खाटेशेजारी प्लास्टिकच्या खुर्चीवर काढले. काल त्यांना घरी आणलं, आणि आज संध्याकाळी मी पहिल्यांदा एकटी बाहेर पडले, तीही भाजीला. पाऊस नुकताच थांबला होता. सगळा बाजार ओला, चपलेत पाणी. पालकाची जुडी पिशवीत टाकत होते आणि आटत्या दुधाचा वास आला.

वासाच्या मागे गेले. एका गाड्यावर भलंमोठं पातेलं, खाली मंद आच, आणि एक मावशी डाव तळाला घासत फिरवत होत्या. मध्येच कडेला धरलेली साय खरवडून परत आत सोडायच्या. मी बराच वेळ नुसती बघत उभी राहिले. तांदूळ घातलेलं दूध तळाला लागायला क्षण पुरतो, आणि एकदा लागलं की करपट वास अख्ख्या पातेल्याला लागतो. त्यांचा हात थांबत नव्हता.

"देऊ का ताई?"

"द्या. गरम आहे ना?"

"गरमच असते. निवली की तिच्यात मजा नाही."

कप इतका तापला होता की ओढणीच्या पदरात धरावा लागला. चष्मा वाफेने पांढरा झाला, तो काढून ठेवला. पहिल्या चमच्याला जीभ पोळली. दुसरा फुंकून खाल्ला आणि मग मात्र सावकाश. शितं मोडलेली, पण पार विरघळलेली नव्हती. दाताखाली यायची आणि लगेच मऊ व्हायची. दूध, तांदूळ, साखर, बस. तांदूळ जिथे गेला त्यातल्या कितीतरी ठिकाणी कुणी ना कुणी तो दुधात शिजवून पाहिलाच आहे. कुठे वर वेलची, कुठे दालचिनी, कुठे लिंबाची साल.

मी जीवशास्त्र शिकवते, त्यामुळे खाताखाता जिभेचा विचार आलाच. गोडाची जाणीव पुढे पोचवणाऱ्या पेशींमध्ये टीआरपीएम५ नावाची एक वाहिनी असते, म्हणजे विद्युतभारित कण पेशीत सोडणारं एक बारीकसं दारच. उष्णता वाढली की तिचं काम जोरात चालतं, १५ अंश सेल्सियसपासून ३५ अंशांपर्यंत तर फारच, हे २००५ मध्ये संशोधकांनी दाखवलं. म्हणजे तेवढ्याच साखरेची खीर कोमट असताना गारपेक्षा जास्त गोड लागते. वर्गात हे मी कितीदा सांगितलंय. पण आठ दिवस कॅन्टीनचा निवलेला चहा पिऊन झाल्यावर छातीपर्यंत उतरत गेलेली ती ऊब! तिथेच, भाजीच्या पिशवीसकट, मला रडू आलं. मावशींनी काही विचारलं नाही. त्यांनी कपात आणखी अर्धा डाव ओतला, सायीसकट.

बाबांसाठी एक कप बांधून घेतला. वाटेत ती घट्ट होणार हे माहीत होतं. निवताना तांदळातल्या पिठूळ अंशाचे धागे पुन्हा एकमेकांना धरतात, आणि खीर चमच्याला चिकटून बसते. झालंही तसंच. घरी आल्यावर दोन पळ्या दूध घालून मंद आचेवर ठेवली, न थांबता हलवत राहिले.

बाबा उशीला टेकून बसले होते. आठ दिवसांत त्यांनी कशाचीच चव चांगली म्हटली नव्हती. दोन चमचे खाल्ले, थांबले.

"साय नाही आणलीस?"

"आहे, तळाशी बघा."

त्यांनी चमचा बाजूला ठेवला आणि वाटी तोंडाला लावली.