साडेसतरा महिन्यांचं बटण

आम्ही नऊ जण. भेटीच्या वेळा ठरवण्याचं सॉफ्टवेअर बनवतो. पहिली दोन वर्षं आमच्याकडे प्रयोग म्हणजे माझं आणि भागीदाराचं भांडण. ज्याचा आवाज चढा, त्याचं डिझाइन. त्या काळाबद्दल फार सांगण्यासारखं नाही.

मग मायक्रोसॉफ्टच्या बिंग या सर्च इंजिनची गोष्ट वाचनात आली. जाहिरातीच्या मथळ्याची मांडणी जराशी बदलायची, ही एका कर्मचाऱ्याची सूचना सहा महिन्यांहून जास्त काळ धूळ खात पडली होती. 2012 मध्ये ती चाचणीला लावली आणि उत्पन्न 12 टक्क्यांनी वाढलं. झालं, ए/बी चाचणीचं वारं आमच्या अंगात शिरलं. निम्म्यांना जुनं पान, निम्म्यांना नवं, आणि नोंदण्या मोजायच्या. ही व्यवस्था उभी करण्यात दोनपैकी एका डेव्हलपरचा दीड महिना गेला. पहिली चाचणी नोंदणीच्या बटणावरच्या शब्दांची. मी रोज सकाळी आकडे उघडायचो. बाराव्या दिवशी नव्या बटणापुढे हिरवी खूण आली, म्हणजे फरक खरा असल्याचा कौल. "सर, जिंकलो!" चाचणी तिथेच थांबवली. पुढच्या तिमाहीत नोंदण्या होत्या तेवढ्याच.

चूक कळायला कागद-पेन्सिल घेऊन बसावं लागलं. चुकीच्या निष्कर्षाला आपण 5 टक्के मुभा ठेवतो, पण ती शेवटी एकदाच निकाल बघणाऱ्याला असते. मधूनमधून दहा वेळा डोकावून, हिरवं दिसताच थांबायचं ठरवलं, तर काडीचा फरक नसतानाही 'जिंकलो' म्हणण्याची शक्यता 19 टक्क्यांच्या आसपास जाते. मी तर बारा दिवस डोकावत होतो.

दुसरा हिशेब जास्त बोचला. आमच्याकडे येणाऱ्यांपैकी 3 टक्के नोंदणी करतात. ते 3.3 झाले तर बऱ्यापैकी खात्रीने ओळखायला प्रत्येक पानाला सुमारे 53 हजार माणसं लागतात. आमच्या पानावर महिन्याला येतात 6 हजार. म्हणजे एका बटणापायी साडेसतरा महिने! फरक निम्मा असेल तर माणसं चौपट. उलट 3 चे 4.5 होणार असतील, तर प्रत्येक पानाला अडीच हजार पुरतात, महिन्याभरात निकाल. बिंगला बारीक फरक परवडतात, कारण तिथे गर्दी आहे. आमच्यासारख्याने ढोबळ बदलच तपासावेत.

मला आता जवळचा वाटतो तो गिनेसच्या दारूभट्टीत काम करणारा विल्यम गॉसेट. हाताशी नमुने मोजकेच, तेव्हा थोडक्यातून किती खात्री काढता येते हा त्याचा प्रश्न. 1908 साली 'स्टुडंट' या टोपणनावाने त्याने उत्तर छापलं.

सध्या चाचणीआधी आम्ही एकच विचारतो: निकाल उलटा आला तर आपण काय वेगळं करणार? उत्तर 'काहीच नाही' असेल तर चाचणी नाही, सरळ बदल करून मोकळे. बटणाचे शब्द दहा मिनिटांत परत फिरवता येतात. त्यासाठी कशाला एवढा खटाटोप? नवी सोय बांधायची असेल तर आधी हाताने करून बघतो. भेटीची आठवण करून देणारे निरोप आपोआप पाठवायची सोय अशीच दहा ग्राहकांसाठी तीन आठवडे हाताने चालवली. बंद केल्यावर दोघांनीच विचारलं. दोन महिन्यांचं काम वाचलं. (निरोप पाठवणारी सहकारी मात्र अजून मला टोमणे मारते.)

जिथे जपून जायचं तिथे मात्र आम्ही घाई केली. दरांची रचना एका रात्रीत सगळ्यांसाठी बदलली. जुने ग्राहक चिडले, काही गेले, आणि पूर्वीचे दर परत लावले तरी ते आले नाहीत. आधी नव्या ग्राहकांपुरती ती रचना ठेवून दोन महिने थांबायला हवं होतं. त्यात कुठलंही साधन लागत नव्हतं, फक्त धीर.

आता पंधरवड्यातला एक दिवस प्रयोगांसाठी राखून ठेवलाय. भागीदार म्हणतो, कमी आहे. आवाज अजून त्याचाच चढा आहे, पण हल्ली बोलायच्या आधी तो माणसं किती लागतील ते मोजून येतो.